अकरा महिन्यांच्या मुलीसाठी पाळणाघर निवडताना

प्रश्न थोडक्यात असा: आई-बाबा वाकडला राहतात, दोघंही हिंजवडीत नोकरी करतात. मुलगी ११ महिन्यांची, आईची वाढवून घेतलेली रजा पुढच्या महिन्यात संपतेय. दोन जागा पाहून झाल्या आहेत. एक मोठं डे-केअर, तिथे दीड वर्षाखालच्या मुलांची वेगळी खोली, १४ मुलं, ३ ताई, मोबाइलवर दिसणारे कॅमेरे, छापील वेळापत्रक. दुसरं त्यांच्याच सोसायटीतल्या एका काकूंचं घरगुती पाळणाघर: ५ लहान मुलं, दुपारी शाळेतून येणारी २ मोठी, मदतीला एक मावशी. सासूबाई सोलापूरला असतात, महिनाभर येऊन राहू शकतात. कोणती जागा निवडावी?

मी पुण्यात बरीच वर्षं पाळणाघर चालवलं, आता पाळणाघरांतल्या ताईंना शिकवते. त्या अनुभवावरून लिहिते.

दोन्हीकडे पुन्हा जा आणि हा प्रश्न विचारा: गेल्या वर्षभरात मुलं सांभाळणाऱ्या किती जणी काम सोडून गेल्या? भिंतींचे रंग, कॅमेरे, खेळण्यांचं कपाट यांतलं काहीही या उत्तराइतकं महत्त्वाचं नाही. तुमची मुलगी जागेपणीचे बरेचसे तास त्या खोलीत असणार. तिला भूक लागली की खांदा खाजवते, झोप आली की कान ओढते, हे ज्या बाईला माहीत आहे तिच्या हातात ती सुरक्षित. ते माहीत व्हायला आठवडे जातात. दर दोन महिन्यांनी ताई बदलत असेल तर मुलीला दर वेळी नव्याने परक्या बाईच्या कडेवर जावं लागतं, आणि या वयात मुलाला यापेक्षा मोठा त्रास नाही.

हा प्रश्न मॅडमना ऑफिसमध्ये विचारा, आणि मग खोलीतल्या ताईलाही सहज विचारा, "तुम्ही इथे कधीपासून आहात?" दोन उत्तरं जुळतात का ते बघा. पुढचा प्रश्न विचारायला बहुतेकांना संकोच वाटतो, पण विचारा: ताईंना पगार किती मिळतो, आठवड्याची सुट्टी असते का? महिन्याला हजारो रुपये फी घेणाऱ्या जागेत ताईला घरकामापेक्षा कमी पैसे मिळत असतील, तर ती टिकणार नाही. तिने का टिकावं? बाळ सांभाळणं हे कौशल्याचं आणि थकवणारं काम आहे. आपल्याकडे ते फार स्वस्तात करून घेतलं जातं आणि त्याची किंमत शेवटी मुलं मोजतात. मला याचा मनापासून राग येतो.

इमारतीने फरक पडत नाही असं मी म्हणते, त्याला आधार आहे. १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मजूर बायकांच्या मुलांसाठी 'मोबाइल क्रेश' सुरू केलं. साइटवरच्या तात्पुरत्या जागेत पाळणाघर उभं राहायचं, काम संपलं की पुढच्या साइटवर जायचं. पुढे मुंबई-पुण्यातही हे काम आलं. अशा जागेतही बाळं अंघोळ करून, पोटभर जेवून, शांत झोपलेली दिसतात, कारण सांभाळणाऱ्या बायका शिकलेल्या असतात आणि त्यांना मुलं नावानिशी ठाऊक असतात. उलट वातानुकूलित खोलीत चार-चार मुलं रडत असताना ताई मोबाइलवर पालकांना पाठवायचे फोटो काढतेय, हेही मी पाहिलं आहे.

आता आकड्यांकडे येऊ. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी किमान निकष काढले. त्यात तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक कार्यकर्ती आणि सोबत एक मदतनीस असं प्रमाण आहे. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या ३ मुलांमागे किमान एक प्रौढ व्यक्ती लागते. माझ्या मते दीड वर्षाच्या आतली तीन, फार तर चार मुलं एका बाईला नीट सांभाळता येतात. का, ते हिशेबानेच बघा. अकरा महिन्यांच्या बाळाला मऊ खिमट भरवायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेही ते खुशीत असेल तर. एका ताईकडे पाच बाळं असतील तर नुसतं जेवण दोन तासांचं झालं. त्यात दोघांचे डायपर बदलायचे, एकाला झोप आली आहे, एक पालथं पडून रडतंय. मग ती काय करणार? पाचही बाळांना गोल बसवून एका वाटीतून, एकाच चमच्याने भरवणार, आणि समोर टीव्हीवर बडबडगीतं लावणार. यात तिचा दोष नाही, तिला दोनच हात आहेत. दोष त्या प्रमाणाचा आहे.

तुम्ही पाहिलेल्या डे-केअरमध्ये १४ मुलांना ३ ताई, म्हणजे कागदावर एकीकडे पाचपेक्षा थोडी कमी मुलं. पण दुपारी एक ताई जेवायला जाते, आठवड्यातून एखादा दिवस कुणीतरी रजेवर असतं, आणि तेव्हा खोलीत दोघीच उरतात. म्हणजे एकीकडे सात. विचारा: ताई रजेवर असली की बदली कोण येतं? "दुसऱ्या वर्गातली येते" असं उत्तर आलं तर त्या दुसऱ्या वर्गात तेव्हा कोण असतं, तेही विचारा. काकूंकडेही हाच हिशेब लावा. ५ लहान मुलं आणि दोघी, हे ऐकायला छान वाटतं. पण मावशी स्वयंपाक, भांडी आणि फरशी करत असेल तर मुलांजवळ काकू एकट्याच असतात. आणि दुपारी दोनच्या सुमारास मोठी दोन मुलं दप्तरं टाकून आली की त्यांचं जेवण, गृहपाठ, भांडणं, सगळं त्याच वेळात, जेव्हा लहानांची झोप चालू असते.

म्हणून जागा बघायला सकाळी अकराला जाऊ नका. अकराला सगळीकडे सगळं ठीक असतं. मुलं खाऊन-पिऊन ताजी असतात, ताई हसतमुख असतात, फरशी नुकती पुसलेली असते. साडेबारा ते दोनच्या मध्ये जा, जेवण आणि झोप चालू असताना. आणि एकदा संध्याकाळी सहाला जा, मुलं दमून किरकिरी झालेली असताना. न कळवता जाऊ द्यायला कुणी नकार दिला तर ती जागा यादीतून काढून टाका. "मुलं डिस्टर्ब होतात" हे कारण मला मान्य नाही. पालकाला दारात किंवा कोपऱ्यात शांतपणे दहा मिनिटं उभं राहता आलंच पाहिजे.

त्या दहा मिनिटांत काय बघायचं? मूल पडलं, घाबरलं किंवा कुणी खेळणं हिसकावलं की ते कुणाकडे धावतं ते बघा. ताईच्या मांडीकडे सरकत जात असेल तर नातं जुळलंय. ताई खोलीत येताच मुलं गप्प होत असतील तर मी तिथून परत फिरेन. पूर्ण शांत पाळणाघराची मला काळजी वाटते. एक-दोन वर्षांची मुलं जागी असताना थोडा गलका असायलाच हवा. ताई मुलाशी बोलत-बोलत डायपर बदलते की भिंतीकडे बघत, तेही बघा. "चल गं, आता पाय वर कर, अगं बाई, किती ओली झालीस" अशा बोलण्यातूनच भाषा येते. ताई मराठी बोलते, हिंदी बोलते की लमाणी, याला महत्त्व नाही. ती मुलाच्या डोळ्यांत बघून बोलते का, याला आहे. ११ महिन्यांच्या मुलीसाठी 'इंग्लिश एन्व्हायर्नमेंट'ची जाहिरात मनावर घेऊ नका.

तीच गोष्ट छापील वेळापत्रकाची. 'सेन्सरी प्ले', 'फाइन मोटर' असे रकाने भरलेले असतात. या वयात वाटीत वाटी घालणं, डबा उघडून झाकण लावणं, भिंतीला धरून उभं राहणं, हाच अभ्यास. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेल्या आणि पुढे कोसबाडला नेलेल्या कामात बिया, शंख-शिंपले, पानं, माती अशा आसपासच्या वस्तूंतून शिक्षणाची साधनं बनवली होती. आज एवढा खर्च करून तेच प्लॅस्टिकमध्ये विकत घेतलं जातं. शिंपले-बिया तुमच्या मुलीच्या वयाला नकोत, ती सगळं तोंडात घालेल. पण स्टीलच्या वाट्या, लाकडी चमचे आणि बसायला जमीन, एवढं पुरे.

टीव्हीबद्दल स्पष्ट विचारा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की एक वर्षाखालच्या मुलांना स्क्रीन अजिबात नको. इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचा सल्ला दोन वर्षांपर्यंत टाळा असा आहे. घरगुती पाळणाघरात दुपारच्या मालिका चालू असतात आणि "मुलं बघत नाहीत हो" असं सांगितलं जातं. बघत नसली तरी मोठ्या आवाजाच्या खोलीत ताई मुलांशी कमी बोलते.

कॅमेऱ्यांनी बऱ्याच पालकांना धीर येतो, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाल्याची घटना राज्यभर गाजली. तिथे कॅमेरा होता. त्याने पुरावा दिला, मारहाण थांबवली नाही. तुम्ही मीटिंगमध्ये असताना स्क्रीन बघणार नाही, आणि बघत राहिलात तर तुमचं काम होणार नाही, ताईही सतत दडपणाखाली राहील. कॅमेरा असेल तर चांगलं आहे. पण कॅमेऱ्याचं चित्रीकरण किती दिवस साठवतात, बघायला कोणाकोणाला मिळतं, इतरांच्या मुलांचे कपडे बदलताना ते दिसतं का, हे विचारा. उघडं दार, मनात येईल तेव्हा येणारे पालक आणि खोलीत कायम दोन मोठी माणसं, यांवर माझा जास्त विश्वास आहे.

घरगुती पाळणाघरात आणखी एक गोष्ट विचारावीच लागते आणि शेजारधर्मामुळे ती जड जाते. घरात दिवसभर कोण-कोण असतं? काका निवृत्त आहेत का, मुलगा घरून काम करतो का, त्याचे मित्र येतात का, प्लंबर-इलेक्ट्रिशियन आला तर मुलं कुठे असतात? २०१८ च्या त्या निकषांमध्येही मुलं असताना बाहेरच्या माणसांना आत येऊ देऊ नये असं सांगितलं आहे. वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. जबाबदार काकूंना याचं वाईट वाटत नाही, त्या स्वतःहून सांगतात. ताई, मावशी, गाडीचा चालक यांची पोलिस पडताळणी झाली आहे का तेही विचारा. नोंदणीचा कागद दाखवला जाईल तेव्हा तो कशाचा आहे ते वाचा. शॉप ॲक्टचा दाखला धंद्याचा असतो, मुलं कशी सांभाळली जातात हे त्यात कुणी तपासलेलं नसतं.

जागेच्या सुरक्षेत पालक गॅलरीची जाळी आणि प्लगची टोपणं बघतात. मी आधी बाथरूम बघते. आपल्याकडे पाणी भरून ठेवायची सवय आहे, वाकड-हिंजवडी पट्ट्यात टँकरमुळे तर बादल्या आणि पिंप भरलेलेच असतात. उभं राहायला शिकलेलं बाळ बादलीच्या काठाला धरून आत डोकावतं आणि तोल गेला की डोक्यावर पडतं. वीतभरही पाणी लागत नाही आणि आवाजही होत नाही. बाथरूमच्या दाराला बाहेरून, मुलाचा हात पुरणार नाही इतक्या उंचीवर कडी हवी आणि बादल्या रिकाम्या किंवा घट्ट झाकलेल्या हव्यात. मग स्वयंपाकघर: दाराला आडवं फळकूट किंवा गेट आहे का? मोठ्या मुलांच्या खाऊत शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं असतात, ती लहानांच्या हाती लागणार नाहीत अशी काय सोय आहे? श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा ही लहान मुलांच्या डॉक्टरांना नेहमी दिसणारी आपत्ती आहे. ताईंपैकी एकीला तरी बाळाच्या घशात काही अडकल्यास पाठीवर थापट्या कशा द्यायच्या ते यायला हवं. "करून दाखवाल का?" असं म्हणा. आणि वर्षाच्या आत मध नको, बोटाला लावून चाटवायलाही नको, हे काकूंना एकदा सांगून ठेवा.

औषधाबद्दल नियम कडक ठेवा. तुमच्या लेखी चिठ्ठीशिवाय एक थेंबही नाही, सर्दीचं सिरप तर नाहीच. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांनी झोप येते, आणि दमलेल्या सांभाळणाऱ्याला त्याचा मोह होऊ शकतो. पाळणाघरात रोज तीन-चार तास गाढ झोपणारी मुलगी घरी येऊनही सुस्त, पेंगुळलेली दिसू लागली तर लगेच डॉक्टरांना दाखवा आणि पाळणाघरात विचारा. एरवी या वयाला चोवीस तासांत १२ ते १६ तास झोप, आणि वर्षानंतर ११ ते १४ तास, हे सर्वसाधारण आहे. तिला पाठीवर झोपवतात का, उशी आणि जाड दुलई टाळतात का, तेही बघून घ्या.

अंगावरचं दूध चालू असेल तर सोडू नका. काढलेलं दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंत साधारण चार तास बाहेर टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये ते बाहेर ठेवण्याचा विचारच नको. पाळणाघरात फ्रिज आहे का, आणि बाटलीवर नाव-तारीख लिहून ती वेगळी ठेवतात का, ते विचारा.

कंपनीलाही एक प्रश्न विचारून ठेवा. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. एचआरला लेखी विचारा की कंपनीची सोय कुठे आहे. ऑफिसच्या जवळची जागा मिळाली तर पहिले काही महिने दुपारी जाऊन दूध पाजता येईल, आणि रोजच्या ट्रॅफिकमध्ये संध्याकाळी सातला पोचण्याची धडधड राहणार नाही. ही तिसरी जागाही त्याच कसोट्या लावून बघा.

तुमच्या दोन जागांपैकी निवड करायचीच झाली, तर मी काकूंकडे झुकेन, पण दोन अटींवर: दुपारी एक ते चार मावशीने स्वयंपाकघरात नाही तर मुलांजवळ असावं, आणि काकू आजारी पडल्या किंवा गावी गेल्या तर काय, याचं ठोस उत्तर असावं. घरगुती पाळणाघरांचा खरा कच्चा दुवा तोच असतो. काकूंची बहीण किंवा मावशीच, असं नाव घेऊन उत्तर आलं आणि ती बाई मुलांच्या ओळखीची असेल, तर झालं. "बघू तेव्हा" हे उत्तर आलं, आणि डे-केअरमधल्या तीनपैकी दोन ताई तिथे दोन-तीन वर्षांपासून असतील, तर डे-केअर निवडा. मोठ्या गटाची मजा मुलं अडीच-तीन वर्षांची झाल्यावर घेतात, तेव्हा जागा बदलायला हरकत नाही.

नंतर ठेवण्याचा क्रम. साधारण आठ-नऊ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत आईपासून दूर होण्याची भीती सर्वांत तीव्र असते, आणि तुमची मुलगी बरोबर त्या वयात आहे. रजेचे शेवटचे दोन आठवडे यासाठीच ठेवा. पहिले तीन-चार दिवस तिच्यासोबत तासभर तिथे बसा, ताईलाच भरवू द्या. मग वीस मिनिटं बाहेर जा, पण सांगून जा. गुपचूप निसटू नका, त्याने ती तुम्हाला क्षणभरही नजरेआड होऊ देणार नाही. मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत, मग पूर्ण दिवस. तिची घरची वापरलेली चादर न धुता सोबत द्या, तुमच्या वासाने ती लवकर झोपेल. निघताना ती रडेल. तुम्ही गेल्यावर ताईच्या कडेवर किती वेळात शांत होते, हे विचारत जा. काही दिवसांत तो वेळ कमी व्हायला हवा. तीन-चार आठवडे उलटूनही दिवसभर रडत असेल, खात नसेल, रात्री दचकून उठत असेल, तर ती जागा तिला मानवलेली नाही.

संध्याकाळी "कशी होती?" असं विचारलं की "छान होती" असंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, "आज कशाने रडली? कशाने हसली?" ज्या ताईला दोन्हींचं उत्तर देता येतं तिने दिवसभर तिच्याकडे बघितलेलं असतं.

आणि सासूबाईंबद्दल. त्यांना पहिल्याच दिवसापासून बोलावून घ्यावंसं वाटेल, पण तेव्हा तुम्ही स्वतः रजेवर आहात. बाळ नव्याने इतर मुलांत मिसळू लागलं की दोन-चार आठवड्यांत पहिली सर्दी, ताप येतो, आणि पहिलं वर्षभर असं वरचेवर होत राहतं. त्यात घाबरण्यासारखं नाही, पण ताप असलेल्या मुलाला चांगलं पाळणाघर घेत नाही, आणि घेऊही नये. ताप उतरून चोवीस तास झाल्याशिवाय तुम्हीही पाठवू नका. सासूबाईंचा महिना तुम्ही कामावर रुजू व्हाल त्या आठवड्यापासून धरा. तोवर मुलीची नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस झाली आहे ना ते कार्डवर बघा, आणि फ्लूच्या लशीबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या. सासूबाई आल्या की त्यांनाही दोन दिवस पाळणाघरात नेऊन ताईंशी ओळख करून द्या. तुम्ही मीटिंगमध्ये अडकलात तर मुलीला आणायला कोण येऊ शकतं, त्या यादीत त्यांचं नाव आणि फोटो आधीच द्यावा लागेल.